एन्नोरची घोडी, मैलापूरचा मांडव

२०२३ सालच्या फेब्रुवारीत चेन्नईचा उन्हाळा अजून वेशीबाहेर घुटमळत होता, पण अण्णानगरच्या टिपणिसांच्या घरात सगळ्यांना घाम फुटलेला होता. कारण विद्युलताबाईंनी व्याह्यांना शब्द दिला होता, आणि तो शब्द साधासुधा नव्हता. त्याला चार पाय आणि एक शेपूट होतं.

झालं ते असं. त्यांच्या हेरंबचं लग्न मैलापूरच्या व्यासराजरावांच्या सहानाशी ठरलं. व्यासराजराव तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घरचं मराठी ऐकलं की जुन्या बखरीतलं एखादं पान उठून कॉफी विचारायला आलंय असं वाटे. साखरपुड्याला सगळे त्यांच्या दिवाणखान्यात बसले होते. सहानाची आजी, अलमेलूअक्का, हिऱ्याच्या कुड्या घालून झोपाळ्यावर बसलेल्या. पायाच्या अंगठ्यानं झोका देत त्यांनी विचारलं, "जानवासमला नवरा कसा येणार की?"

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला वाजतगाजत कार्यालयात आणतात, त्याला तिकडे जानवासम म्हणतात. चाळीस वर्षं मद्रासात काढलेल्या विद्युलताबाईंना (त्या अजून मद्रासच म्हणत) एवढं ठाऊक होतं. उत्तर मात्र ठाऊक नव्हतं. त्यांची नजर अक्कांच्या डोक्यावरून भिंतीवर गेली. तिथं सोनेरी चौकटीत एक मिशाळ सरदार तलवार उपसून पांढऱ्या घोड्यावर बसला होता आणि थेट त्यांच्याकडेच बघत होता. म्हणजे घराणं असं आहे तर!

"घोड्यावरून," विद्युलताबाई म्हणाल्या. "घोडा आम्ही आणू. तुम्ही काळजी करू नका."

झोपाळा थांबला. विद्युलताबाईंना वाटलं, छाप पडली. व्यासराजरावांनी आईकडे पाहिलं, आईनं कॉफीच्या पेल्याकडे पाहिलं आणि मग व्यासराजराव हळूच म्हणाले, "सरी, बरं. तुमच्या मनासारखं होऊंद्या."

घरी येताना गाडीत शरदचंद्र, म्हणजे विद्युलताबाईंचे यजमान, एवढंच म्हणाले, "घोडा?" आणि ठाण्याहून त्यांच्या बहिणीचा, कौमुदीचा, फोन आला. तिला ही बातमी कुणी दिली हे आजवर कळलेलं नाही. "वहिनी, मद्रासात घोडा म्हणजे बुद्धिबळातलाच मिळेल गं तुला," ती म्हणाली आणि बराच वेळ हसली.

त्या हसण्यानं मामला पक्का झाला. व्याह्यांपुढे टाकलेला पहिला शब्द, त्यात नणंदेचं हसणं. वरमाईनं आता माघार घेतली असती तर हेरंबच्या मुलांच्या मुंजीपर्यंत ऐकून घ्यावं लागलं असतं.

सावकारपेठेत लग्नाच्या घोड्या मिळतात असं कळलं म्हणून त्या तिथं गेल्या. सगळ्या घोड्या त्या मुहूर्ताला आधीच गेलेल्या. एक मालक म्हणाला, रथ देतो, पण त्याला बैल लागतील. बैलावरून आलेला जावई अलमेलूअक्कांना कितपत रुचला असता कोण जाणे.

शेवटी अनंतराव आठवले. अनंतराव एन्नोरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले शरदचंद्रांचे जुने स्नेही. निवृत्तीनंतर माणसं तंबोरा शिकतात, तीर्थयात्रा करतात; अनंतरावांनी शर्यतीतून निवृत्त झालेली एक घोडी पाळली. खाडीच्या बाजूला थोडी जागा होती, तिथं दोघं निवृत्तीचा आनंद घेत होते. शर्यतीतलं तिचं नाव एवढं लांबलचक इंग्रजी होतं की ते पूर्ण होईपर्यंत शर्यत संपत असावी. अनंतरावांनी तिला धनलक्ष्मी केलं.

"न्या की," अनंतराव म्हणाले. "वरातीला एकदम योग्य. गरीब आहे. पण पोर समजून न्या आणि पोर समजून आणा. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मला बरोबर येता येणार नाही. आणि ट्रकमध्ये नाही हं घालायची. ट्रेलर आणा नीट."

आणि इथं शरदचंद्रांच्या डोळ्यांत, कित्येक वर्षांत दिसली नव्हती अशी चमक आली.

शरदचंद्र चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. रणगाडा ट्रेलरवर चढवायचा कसा, बांधायचा कसा, तो घाटात मागे घसरू नये म्हणून काय करायचं, यातच त्यांची उमर गेली. निवृत्तीनंतर घरातला फ्रीज सरकवायचा असला तरी ते आधी कागदावर त्याचा गुरुत्वमध्य काढत. "घोडी म्हणजे काय, रणगाड्याच्या शंभराव्या हिश्श्याचं वजन," ते म्हणाले. "माझ्यावर सोड." बायकोच्या आयुष्यात काही वाक्यं अशी असतात की ती ऐकल्यावर देवासमोर दिवा लावावा. हे त्यांपैकी एक.

त्यांनी एन्नोरच्या कोळ्यांकडून होडी वाहायचा एक जुना ट्रेलर घेतला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून उभा केला. त्याला मासळीचा असा वास होता की तीन गल्ल्यांतल्या मांजरी टिपणिसांकडे आदरानं पाहू लागल्या. वेल्डिंग सुरू झालं. भिंती झाल्या, छप्पर झालं, वाऱ्याला खिडक्या झाल्या, मागे चढायला फळी झाली. ती फळीच वर उचलली की दार व्हायची आणि तिला बाहेरून पाच जाडजूड अडसर.

"पाच कशाला?" विद्युलताबाईंनी विचारलं.

"रणगाड्याला पाच असतात."

सोसायटी म्हटली की सल्ला आलाच. खालच्या मजल्यावरचे मुरली त्यांच्याच कारखान्यात हिशेब खात्यात होते. तमिळ माणूस, पण टिपणिसांच्या शेजारात राहून मराठी शिकलेला. ओढायला त्यांची बोलेरो घ्यायची होती, म्हणून त्यांना प्रत्येक बाबतीत मताधिकार होता. "सार, घोडाला गाणं लावा. माझी सासू विमानात घाबरायची, तिला सुप्रभातम लावलं, झोपली." दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, घोडीला आदल्या दिवशी उपास घाला. चौथ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, पोटभर खायला घाला. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या चिटणिसांना सांगितलं.

मग कागदपत्रं. वाहतुकीच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. घोडी हा माल की प्रवासी? माल असेल तर कुणी विकला, कुणी घेतला याची पावती हवी. प्रवासी असेल तर आसन कुठं आहे? शरदचंद्र म्हणाले, ती उभ्यानं प्रवास करते. साहेब म्हणाले, उभ्यानं प्रवासाची परवानगी फक्त बसला आहे. पोलीस चौकीत मिरवणुकीच्या अर्जावर हत्ती होता, उंट होता, घोडा नव्हता. तिथल्या बाईंनी सुचवलं, हत्ती लिहा, घोडा त्याच्यापेक्षा लहानच आहे, कोण हरकत घेतंय. पण शरदचंद्र तत्त्वाचे. त्यांनी 'इतर' समोर घोडा लिहिला आणि चार हेलपाटे वाढवून घेतले.

जनावरांचे डॉक्टर एन्नोरला येऊन घोडीला तपासून गेले. तिचं काळीज ठणठणीत निघालं. मग त्यांनी सहज म्हणून शरदचंद्रांच्या छातीला नळी लावली आणि त्यांना मीठ कमी करायला सांगितलं. दाखल्यावर लिहिलं, घोडी प्रवासास योग्य आहे, सोबत एक माहीतगार माणूस असावा. शरदचंद्रांबद्दल काही लिहिलं नाही.

लग्न सोमवारी. म्हणजे जानवासम रविवारी संध्याकाळी. आणि रविवारी राहुकाळ साडेचार ते सहा. मुरलींनी पंचांग उघडून बजावलं, "सार, साडेचारच्या आत गाडी हललीच पाहिजे. एकदा निघाला, मग मध्ये राहु आला तरी चालतो. पण थांबून परत निघायचं नाही. परत निघणं म्हणजे राहुकाळात निघणं." कौमुदी ठाण्याहून आलेली होतीच. ती म्हणाली, "आमच्याकडे नाही हो असलं काही पाळत." मुरली म्हणाले, "राहुला माहीत नाही ना मॅडम, तुम्ही ठाण्याचे आहात."

रविवारी दुपारी सगळे एन्नोरला पोचले. परत येऊन कपडे बदलायला वेळ नव्हता, म्हणून नटूनथटूनच गेले. विद्युलताबाई पैठणीत. शरदचंद्र रेशमी धोतर, जरीचं उपरणं आणि कोल्हापूरहून मुद्दाम मागवलेला केशरी फेटा अशा थाटात. धनलक्ष्मीच्या पायांना प्रवासात इजा होऊ नये म्हणून पट्ट्या बांधायच्या होत्या. त्या विद्युलताबाईंच्या गुडघ्यांच्या निघाल्या. चारही पायांना क्रेप बँडेज बांधलेली घोडी अशी दिसत होती की जणू तीच विद्युलताबाईंच्या वयाची आहे आणि तिलाही जिने चढवत नाहीत.

शरदचंद्रांनी ट्रेलरमधून चार साखळ्या काढल्या. चार कोपऱ्यांना चार. अनंतरावांनी काळ्या चष्म्यातून त्या पाहिल्या.

"हे काय?"

"बांधायला. हलता कामा नये."

"अहो, तोफ आहे का ती? तिला हललंच पाहिजे. वळणावर तोल सावरायला मान मोकळी लागते. एक दोरी, सैल, आणि गाठ अशी की ओढली की सुटली पाहिजे. घोडी पडली आणि गाठ सुटली नाही तर गळफास बसेल."

शरदचंद्रांचा चेहरा उतरला. आयुष्यभराची विद्या एका वाक्यात भंगारात गेली. साखळ्या बोलेरोत टाकल्या, खाली रबराची चटई अंथरली, गवताची जाळी टांगली. सगळं शास्त्रोक्त झालं. आता फक्त घोडीनं चढायचं होतं.

तिनं फळीवर एक पाय ठेवला, खालून पोकळ आवाज आला, तिनं पाय मागे घेतला आणि जगाकडे पाठ फिरवली.

गूळ दाखवला. केळी दाखवली. गूळ खाल्ला, केळी खाल्ली, जागची हलली नाही. मुरलींनी सुप्रभातम लावलं. तिनं कान पाडले. कौमुदी म्हणाली, "दादा, तिला उलटी चढव, पाठीमागून, म्हणजे कळणार नाही." घोडीला कळलं. साडेचार जवळ येत होते आणि विद्युलताबाईंच्या डोळ्यांपुढे झोपाळ्यावरच्या अलमेलूअक्का आणि रिकामा मांडव येत होता.

"अहो, तुम्ही चढून दाखवा ना," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पाहून येईल."

"मी?"

"मग काय मी? पैठणीत?"

शरदचंद्रांनी धोतर सावरलं आणि एखाद्या मुत्सद्द्याच्या चालीनं ते ट्रेलरमध्ये गेले. पार पुढच्या कोपऱ्यात उभे राहिले. "ये गं. हे बघ, काही होत नाही." घोडीनं त्यांच्याकडे पाहिलं. केशरी फेट्याकडे पाहिलं. आणि एखादी लेक बापाच्या मागे जाते तशी टापटाप टापटाप आत गेली आणि त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवून उभी राहिली.

"लावा! लावा! साडेचार!" मुरली ओरडले, त्यांनी फळी वर उचलली आणि धाड धाड धाड धाड धाड, पाचही अडसर सरकवले.

क्षणभर सगळ्यांना यशाचा आनंद झाला. मग आतून आवाज आला, "मी आत आहे."

घोडीच्या बाजूनं बाहेर यायला वाट नव्हती. खिडकीतून फार तर फेटा बाहेर आला असता. फळी उघडावी तर घोडी बाहेर, आणि ती पुन्हा चढेपर्यंत राहुकाळ, मैलापूर, मुहूर्त, सगळं उलटून गेलं असतं.

"सार, अर्ध्या मिनिटात निघायला पाहिजे!"

"आणि गाडी कोण चालवणार?" आतून शरदचंद्र.

मुरलींना रक्तदाबामुळे गाडी चालवायला बंदी. कौमुदीकडे लायसन्स होतं, पण स्कूटीचं. विद्युलताबाईंनी पैठणीचा पदर कमरेला खोचला, बोलेरोच्या आसनावर चढल्या आणि किल्ली फिरवली. आवडीच्या वसाहतीत त्या जीप शिकल्या होत्या, पण मागे ट्रेलर आणि त्यात नवरा असं त्यांनी कधी ओढलं नव्हतं. म्हणजे नवरा ओढला होता, ट्रेलर नव्हता.

नवऱ्यानं आतून मोबाईल लावला. "चालूच ठेव. मी सांगतो तसं करायचं. ब्रेक एकदम नाही. वळण रुंद घ्यायचं. रिव्हर्स अजिबात नाही, तुला जमणार नाही." कौमुदीनं फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवला आणि ही वरात तीसच्या वेगानं बंदराच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी कंटेनरचे ट्रक, प्रत्येक ट्रक एखाद्या चाळीएवढा, आणि प्रत्येकाचा भोंगा वेगळ्या रागातला.

एका मोठ्या भोंग्याला ट्रेलरमध्ये टापा वाजल्या. आणि मग फोनमधून आवाज आला.

"नाही गं, नाही गं. घाबरायचं नाही. मी आहे ना. हे बघ माझ्याकडे. किती गं गुणाची तू. किती सुंदर डोळे आहेत... राणी माझी ती."

मागच्या आसनावरचे मुरली सभ्य माणूस, ते खिडकीबाहेर खाऱ्या वाऱ्यानं गंजलेले खांब बघू लागले.

"वहिनी," कौमुदी हळूच म्हणाली, "दादा कुणाशी बोलतोय?"

"घोडीशी."

"तुझ्याशी बोलतो असा?"

"माझ्याशी?" विद्युलताबाईंनी गिअर बदलला. "पस्तीस वर्षांत मला 'चष्मा कुठे ठेवलास' याच्यापुढे ऐकल्याचं आठवत नाही."

"दमलीस का गं?" फोन म्हणत होता. "आलंच हं आता. पाय दुखतात का माझ्या सोन्याचे?"

"पट्ट्या माझ्या आहेत," विद्युलताबाई फोनकडे पाहून म्हणाल्या, पण पलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पुढच्या सिग्नलला त्यांचा पाय ब्रेकवर जरा जोरात जाणार होता. पण घोडीचा काय दोष, असा विचार करून त्यांनी तो हळूच टेकवला. ट्रेलरमध्ये नवरा एकटा असता तर गोष्ट वेगळी होती.

समुद्रकाठचा रस्ता त्या दिवशी कसल्याशा कार्यक्रमासाठी बंद होता. पोलिसांनी गाड्या एग्मोरकडे वळवल्या आणि स्टेशनसमोर वाहतूक अशी तुंबली की रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद करून खाली उतरून गप्पा सुरू केल्या. ट्रेलरच्या खिडकीतून धनलक्ष्मीचं तोंड बाहेर आलं. शेजारच्या खिडकीतून केशरी फेटा. फेट्याचा सोगा तिच्या तोंडात होता आणि ती तो चवीनं चघळत होती. गावाला निघालेल्या बायाबापड्या बोचकी खाली ठेवून बघायला लागल्या. एकीनं पुढे होऊन केळं दिलं. घोडीला की शरदचंद्रांना हे स्पष्ट झालं नाही, पण शरदचंद्रांनी ते घेतलं; दुपारपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं.

हवालदार आला. त्यानं घोडी पाहिली, कागद पाहिले, मान डोलावली. मग त्यानं फेटा पाहिला.

"अम्मा, कागदावर घोडी आहे. माणूस नाही. ट्रेलरमध्ये माणूस बसवायला बंदी आहे. उतरवा त्याला."

"उतरवता येत नाही," विद्युलताबाई तमिळमध्ये म्हणाल्या.

"का?"

"घोडीच्या पलीकडे आहे."

"मग घोडी उतरवा."

एग्मोर स्टेशनासमोर, त्या गर्दीत, बँडेज बांधलेली शर्यतीची घोडी. मागे मुरली पुटपुटले, "राहुकाळ," जणू राहुच खाकी कपडे घालून आला आहे. एवढ्यात विद्युलताबाईंना डॉक्टरांच्या दाखल्यातलं शेवटचं वाक्य आठवलं. त्यांनी ते बोट ठेवून दाखवलं. सोबत एक माहीतगार माणूस असावा.

हवालदारानं खिडकीकडे अंगठा केला. "हा माहीतगार? कोण आहे हा?"

आता खरं सांगावं, वरपिता आहे, माझा नवरा आहे, रणगाड्यांच्या कारखान्यात अधिकारी होता, तर त्याला खाली उतरवलंच असतं. विद्युलताबाईंनी अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमचा घोडेवाला आहे."

फोनमधलं गोड बोलणं बंद झालं.

हवालदार ट्रेलरपाशी गेला, त्यानं शरदचंद्रांना खालून वर न्याहाळलं आणि तो खूश झाला. "चांगला ड्रेस दिलाय तुम्ही त्याला," तो विद्युलताबाईंना म्हणाला. "हल्ली असं कोण करतं." मग शरदचंद्रांकडे बोट रोखून, "ए, नीट सांभाळ. घोडी पडली तर तुला धरीन." आणि शिट्टी वाजवून त्यानं वाट करून दिली.

गाडी पुढे निघाली. मग फोनमधून शरदचंद्रांचा आवाज आला. "ऐकलंस, धनलक्ष्मी? मी घोडेवाला."

"दादा, फोन चालू आहे रे," कौमुदी म्हणाली. आणि शरदचंद्रांच्या ध्यानात आलं की तो एन्नोरपासून चालू आहे.

मैलापूरला पोचल्यावर विद्युलताबाई कपालीश्वराच्या देवळाकडे एक गल्ली आधी वळल्या. रिव्हर्स जमणार नव्हता, म्हणून पुढेच जावं लागलं, आणि पुढे जात जात त्या देवळाच्या तलावाला पूर्ण वळसा घालून आल्या. मुरलींनी हात जोडले. "प्रदक्षिणाच झाली अम्मा, उजवीकडून. आता काही कमी नाही." सहा वाजून गेले होते. राहु आपल्या वाटेनं गेला होता. आणि कार्यालयासमोर नादस्वरमची सनई, तवीलचा ढोल, पंचवीस-तीस माणसं आणि आरतीचं तबक घेतलेल्या अलमेलूअक्का त्यांची वाट बघत होत्या.

विद्युलताबाईंनी गाडी थांबवली, उतरल्या आणि हात वर करून म्हणाल्या, "वाजंत्री थांबवा. घोडी बुजेल." सगळं एकदम चिडीचूप झालं. त्या शांततेत मुरलींनी एकेक करून पाच अडसर काढले. फळी खाली आली. अंधारातून धनलक्ष्मी मागे मागे सरकत, एकेक पाय जपून टाकत उतरली आणि तिच्यामागून, सोगा तिच्या दातांत असल्यामुळे मान वाकडी करून, शरदचंद्र. धोतराला गवत, उपरण्याला गूळ, हातात केळ्याची साल.

अलमेलूअक्कांना संध्याकाळचं कमी दिसे. ट्रेलरमधून फेटा उतरला, म्हणजे नवरा असणार. त्यांनी शरदचंद्रांना ओवाळलं आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. "थोडा वयस्क दिसतोय की," त्या सुनेच्या कानात म्हणाल्या. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

खरा नवरा, हेरंब, रिक्षानं येऊन एका खांबामागे उभा होता. आईनं ओढून पुढे आणल्यावर त्यानं घोडीकडे मान वर करून पाहिलं. त्याचा रंग उडाला. "आई, ही किती उंच आहे. मला नाही जमणार."

"आता? आता सांगतोस?"

"तुला हवं होतं ना, म्हणून गप्प होतो."

विद्युलताबाई काही बोलणार एवढ्यात व्यासराजराव घसा खाकरत पुढे आले. "संबंधी मामी," (व्याह्यांच्या घरच्या बाईला ते तसं म्हणत) "एक सांगूं? रागावूं नका. मागल्या गल्लींत कार आहे. उघडी कार. फुलं अस्की, सगळीं, लावून तयार. तुमच्यांत घोडा लागतो म्हणिटलांत, म्हणून झांकून ठेविली."

"आमच्यात?" विद्युलताबाई म्हणाल्या. "आमच्यात कुठे लागतो घोडा? माझा नवरा लग्नाला आवडीहून स्टाफ बसनं आला होता. घोडा तुमच्या घराण्यात! ते भिंतीवरचे आजोबा..."

"ते?" व्यासराजराव गोंधळले. "ते आजोबा नव्हेत की. ते कोण ते आम्हांस ठाऊक नाहीं. बाबांनी जुन्या मूर मार्केटांत फ्रेम घेतली, त्या फ्रेमींत ते होते."

सगळे अलमेलूअक्कांकडे बघत होते. अक्का पुढे आल्या, धनलक्ष्मीच्या नाकावर हात ठेवला. तिनं त्यांच्या तबकातलं विड्याचं पान उचलून खाल्लं. अक्का विद्युलताबाईंकडे वळल्या. "कोणी मागितलं नाहीं, तरीही आणिलांत," त्या म्हणाल्या. "म्हटलं ते केलांत. मला आणखी काय हवं?" आणि त्यांनी वाजंत्र्यांना खूण केली, पण हळू, असं बजावून.

तर जानवासम निघालं ते असं. पुढे फुलांच्या उघड्या कारमध्ये सुटकेचा नि:श्वास सोडणारा हेरंब. मागे दबक्या सुरात नादस्वरम. आणि त्यामागे शरदचंद्र, कारण धनलक्ष्मी त्यांच्याशिवाय पाऊल टाकायला तयार नव्हती. त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून ती देवळाभोवतीचे चारही 'माड' रस्ते फिरली. लोकांनी नवऱ्याचे थोडे आणि त्यांचे पुष्कळ फोटो काढले. रात्री ती कार्यालयाच्या मागच्या अंगणात बांधली गेली आणि शरदचंद्रांनी पंगत तिच्याशेजारी बसूनच घेतली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागल्यावर दुपारी तिला एन्नोरला सोडायचं होतं. शरदचंद्र न सांगता आत जाऊन उभे राहिले, ती मागोमाग गेली, मुरलींनी अडसर लावले. या वेळी फोन कुणी लावला नाही. घोडीच्या अंगावर ओरखडासुद्धा न उठता ती अनंतरावांच्या हवाली झाली. मोकळा ट्रेलर घेऊन परत निघताना शरदचंद्र अंग झटकत पुढे आले आणि विद्युलताबाईंच्या शेजारचं दार उघडू लागले.

"इथे नको," विद्युलताबाई म्हणाल्या. "मागे बसा. आणि फोन लावा. तिथून बरं बोलता तुम्ही."

पुढे काय झालं, तर हेरंब आणि सहाना बंगळुरूला गेले. सहानाला पुष्कळ दिवस वाटत होतं की आपले सासरे घोड्यांच्या व्यवसायात आहेत. कौमुदी ठाण्याला परत गेली आणि मद्रासच्या घोडीची गोष्ट सांगू लागली. तिच्या गोष्टीत गाडी तिनंच चालवलेली असते. मुरलींनी बोलेरो विकली, पण राहुकाळाचं पंचांग अजून सोसायटीच्या फलकावर ते दर सोमवारी लावतात. अनंतरावांचा दुसरा डोळाही झाला. आता त्यांना घोडी स्पष्ट दिसते आणि तिच्याशेजारी दर रविवारी शरदचंद्रही दिसतात. ट्रेलर सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. मांजरी अजून येतात.

व्यासराजरावांनी निवृत्ती घेतली आणि धाकट्या पुतणीचं लग्न जमवलं. नवरा मुलगा मदुरैचा, बँकेत. या वेळी फोनवर खुद्द अलमेलूअक्का होत्या.

"विद्युलता, ऐक. जानवासमला घोडा तुम्ही आणायचा."

विद्युलताबाईंनी या वेळी घाई केली नाही. जे वाक्य साखरपुड्याच्या दिवशी म्हणायला हवं होतं ते त्यांनी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हटलं. "अक्का, आमच्यात घोड्याची पद्धत नाही."

"आमच्यांतही नाहीं," अक्का म्हणाल्या. "मदुरैवाल्यांतही नाहीं, मी विचारून घेतलें. घोडा केव्हां आणतेस, ते सांग."